किशोरकथा वाचून मराठी शब्द कसे कमवावेत

मी इंदूरची. घरात मराठी, शाळेत हिंदी, कॉलेजात इंग्रजी. पुण्यात नोकरीला आले तेव्हा "मराठी येते की!" असं छातीठोकपणे सांगायचे. पहिल्याच आठवड्यात साहेबांना म्हणाले, "सर, मी खूप चेष्टा केली, पण फाईल काही मिळाली नाही." साहेब दोन क्षण नुसते बघत राहिले. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. शेजारच्या टेबलावरच्या बाई नंतर हळूच म्हणाल्या, "अगं, 'किशोर' वाच. माझ्या मुलाचे जुने अंक पडलेत घरी, आणून देते."

मला राग आला होता. सव्विसाव्या वर्षी पोरांचं मासिक वाचायचं? पण वाचलं, आणि त्यातून जे शब्द मिळाले ते आजही टिकून आहेत. त्यानंतर अनेकांना हीच वाट दाखवली, त्यामुळे ती आता बऱ्यापैकी मळलेली आहे. हा लेख ज्यांना मराठी ऐकून समजते पण वाचताना ठेचा लागतात त्यांच्यासाठी आहे: महाराष्ट्राबाहेर वाढलेले मराठी लोक, इंग्रजी माध्यमातली मुलं (आणि खरं सांगायचं तर त्यांचे आईबापही), परदेशातल्या मराठी शाळेत अक्षरओळख झालेली मंडळी, नोकरीसाठी इथं आलेले अमराठी. देवनागरी वाचता येते, एवढं मी धरून चालले आहे.

किशोरांच्याच गोष्टी का?

लहान मुलांच्या गोष्टींत ससे आणि कासवं असतात. त्यांचे शब्द आपल्याला आधीच येत असतात. वर्तमानपत्रात तरतूद, कार्यवाही, निर्देश असले शब्द भेटतात. ते उपयोगाचे, पण त्यांच्यावर जीव जडत नाही. मोठ्यांच्या कथांमध्ये लेखक भाषेशी खेळतो आणि नवख्याचा पाय घसरतो. किशोरकथेतली माणसं मात्र घरात, शाळेत, मैदानात बोलतात तशी बोलतात.

आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच खरं. तेराचौदा वर्षांचं पोर दिवसभर कुठल्या ना कुठल्या अवस्थेत असतं. लेखकाला त्या अवस्थेला नाव द्यावंच लागतं. म्हणून या गोष्टींत मनाच्या क्रियापदांची नुसती रेलचेल असते. रुसणारा कुणीतरी समजूत काढावी म्हणून रुसतो. फुरंगटणं हे त्याचंच जरा लाडिक रूप. हिरमुसतो तो आशेवर पाणी पडल्यावर. खट्टू होणं त्याहून हलकं, तासाभरात विसरण्यासारखं. धुसफुसणाऱ्याचा राग वाफेसारखा बाहेर डोकावत असतो आणि कुढणाऱ्याचा आतल्या आत मुरतो. मी घरी या सगळ्यांना एकच शब्द वापरायचे: नाराज.

गोष्ट निवडणं

'किशोर' हे मासिक बालभारती (महाराष्ट्राची शालेय पाठ्यपुस्तकं काढणारी संस्था) १९७१ पासून काढते आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत. सुरुवातीला यापेक्षा सोयीचं काही नाही: गोष्टी चारपाच पानांत संपतात, अक्षर मोठं असतं, चित्रं असतात, आणि चित्रावरून अर्धा शब्द कळतो. 'साधना' साप्ताहिकाचा बालकुमार दिवाळी अंक आणि मुलांचं 'वयम्' मासिक हेही चांगले. जुने दिवाळी अंक रद्दीच्या दुकानात किलोवर मिळतात. पुण्यात असाल तर पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारा. हे सगळंच जड वाटत असेल तर प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. त्यातल्या चौथ्या पातळीपासून सुरू करून मग 'किशोर'कडे या.

गोष्ट आपल्या मापाची आहे का, हे ओळखायला सोपी मोजणी आहे. मधलंच कुठलंतरी पान काढा, साधारण शंभर शब्द वाचा आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपा. एका हाताची बोटं संपली तर गोष्ट बाजूला ठेवा, दोन महिन्यांनी परत या. हू आणि पॉल नेशन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्यांवर एक अभ्यास केला होता. कोशाची मदत न घेता गोष्ट नीट समजायची असेल तर मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असं त्यात दिसलं. म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. आपण हाताशी कोश घेऊन बसणार, म्हणून पाचांच्या आत असतील तर चालवून घेऊ.

पहिल्या दहा गोष्टी आजच्या काळातल्या आणि प्रमाण मराठीतल्या घ्या. खेड्यातली गोष्ट असली की संवादांत "न्हाई", "कवा", "आन्" येतं. ते नवे शब्द नव्हेत; नाही, केव्हा, आणि हेच ते, फक्त उच्चार निराळा. हे एकदा कळलं की भीती जाते. तरी सुरुवातीला हा जादा बोजा कशाला घ्या?

तीन वेळा वाचणं

पहिल्यांदा हातात पेन्सिल घेऊ नका. गोष्ट गोष्टीसारखी वाचा. अडलं तरी पुढे चला. शेवटी काय झालं ते कळलं पाहिजे, बस.

दुसऱ्यांदा पेन्सिल घ्या आणि अडलेल्या शब्दाखाली बारीक रेघ मारा. शब्दाच्या डोक्यावर अर्थ लिहायची शाळेतली सवय मात्र सोडा. एकदा अर्थ तिथं बसला की डोळा परत मूळ शब्दाकडे वळतच नाही.

तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचा. लाज वाटत असेल तर दार लावून घ्या. संवाद मोठ्यानं म्हटले की कुठला शब्द चिडून म्हटलाय आणि कुठला लाडानं, हे कानाला कळतं.

एक उतारा जवळून पाहू

हा उतारा मीच या लेखासाठी लिहिला आहे.

"मधली सुट्टी संपली तरी ओंकार जिन्याखालीच घुटमळत होता. वर्गात शिरलं की सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळणार, हे त्याला ठाऊक होतं. कालच्या सामन्यात हातात आलेला सोपा झेल त्यानं सोडला होता. शेवटी मान खाली घालून तो आत शिरला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ओंकार ओशाळला. सर अजून आले नव्हते. सायलीनं सरकून त्याला जागा करून दिली आणि डबा पुढे ढकलला. 'थालीपीठ आहे. गार झालंय, पण घे.' त्यानं एक तुकडा मोडला. घास घशाखाली उतरेना."

आता कोश न उघडता अंदाज करायचा, आणि तो वहीत लिहायचा. लिहिणं महत्त्वाचं. मनातल्या मनात केलेला अंदाज चुकला की आपण "हो हो, हेच म्हणायचं होतं मला" म्हणून मोकळे होतो.

घुटमळणे. बहुतेक जण 'लपणे' असं लिहितात. जिन्याखाली आहे, वर्गात जायचं नाही, म्हणजे लपलाच असणार! अंदाज वाईट नाही, या वाक्यात तो बसतोसुद्धा. म्हणून त्याला दुसऱ्या वाक्यात घालून बघायचं. मांजर पायात घुटमळतं. मांजर पायात लपत नाही. ओठांवर आलेला शब्द तिथंच घुटमळतो. म्हणजे एकाच जागी अवतीभवती रेंगाळणं, पाऊल पुढेही न टाकणं आणि मागेही न घेणं. ओंकार लपला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. त्याला जायचंही आहे आणि जायचंही नाही.

फिस्सकन. याला कोश लागतच नाही, तोंडानं म्हणून बघा. दाबलेलं हसू दातांतून निसटतं तेव्हा हाच आवाज होतो. अशा नादाच्या शब्दांनी मराठी भरलेली आहे: कुजबुज, चुळबुळ, धडपड, लुकलुक, खसखस पिकणं. हे पाठ करू नका, कानात साठवा.

ओशाळणे. यावर मात्र थांबायला हवं. लाजणे, ओशाळणे, वरमणे, खजील होणे हे सगळे एका आळीत राहतात, पण घरं वेगळी. लाजायला चूक लागत नाही. कौतुकानंही माणूस लाजतो. ओशाळतो तो चारचौघांत अवघडल्यासारखं झाल्यावर. वरमण्याला आधी थोडा ताठा लागतो: मोठमोठ्यानं भांडत असलेला मुलगा चूक आपलीच आहे हे दिसल्यावर वरमतो. इथं 'ओंकार वरमला' लिहिलं तर चुकेल, कारण तो मुळात ताठ्यात नव्हताच. हा फरक मला कुठल्या कोशानं सांगितला नाही. चारपाच गोष्टींत चारपाच पोरं ओशाळताना आणि वरमताना पाहिली, तेव्हा तो कळला.

उतरेना. हा शब्द कोशात शोधाल तर सापडणार नाही. मूळ शब्द 'उतरणे', आणि 'ना' लागला की अर्थ होतो: प्रयत्न करूनही होत नाही. पाऊस थांबेना, दार उघडेना, बाळ झोपेना. 'घास उतरला नाही' म्हटलं तर नुसती माहिती मिळते. 'उतरेना'त त्याची खटपट दिसते.

आणि झेल. आपण सगळे कॅचच म्हणतो, म्हणा. पण छापलेल्या मराठीत झेल भेटणार, आणि 'झेलणे' आलं की पुढे संकटंही झेलता येतात.

मूळ शब्द गाठणं

नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, आणि हे कुणी आधी सांगत नाही. मराठी शब्दाला प्रत्यय लागला की शब्द आपलं तोंडच बदलतो. गोष्टीत 'पावलांनी' असतं, कोशात 'पाऊल'. 'देवळात' वाचून 'देवळ' शोधाल तर हाती काही लागणार नाही. तिथं 'देऊळ' आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं 'बेरजेत' या शब्दासाठी अर्धा तास 'बेरज' शोधलं होतं. शब्द होता बेरीज.

काही खुणा लक्षात ठेवा. शब्दाच्या पोटात 'व' दिसला तर तिथं 'ऊ' लपलाय का बघा: पावसात म्हणजे पाऊस. शेवटाला 'या'ची जोड असेल तर मूळ शब्द बहुधा आकारान्त (शेवटी 'आ' असलेला) किंवा 'अं' उच्चाराचा असतो: डब्यात डबा, झोपाळ्यावर झोपाळा, खळ्यात खळं. 'ए' किंवा 'ई'नंतर प्रत्यय असेल तर ते सोडून बघा: चिंचेखाली चिंच, भिंतीवर भिंत. मधला स्वर गळालेला असू शकतो: माणसाला माणूस, उंदराला उंदीर, कापसाचा कापूस. क्रियापद असेल तर 'णे' लावून शोधायचं. महिनाभरात हात बसतो.

कोश कुठला?

दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात खंडाखंडाने निघाला. आजही मराठी-मराठी अर्थासाठी त्याच्याकडे जावं लागतं. इंग्रजीतून अर्थ बरा वाटत असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, पहिली आवृत्ती १८३१ची, वाढवलेली दुसरी १८५७ची. दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. 'बृहद्कोश' नावाच्या संकेतस्थळावर अनेक मराठी कोशांत एकदम शोध घेता येतो. मी रोज तेच उघडते.

या जुन्या कोशांत एक खोच आहे. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण कोश त्याआधीचे. मोल्सवर्थमध्ये गाव 'गांव' म्हणून भेटेल, केळं 'केळें' म्हणून आणि करणे 'करणें' म्हणून. शब्द सापडला नाही की डोक्यावर एक टिंब देऊन बघा.

मोल्सवर्थ एकेका शब्दाचे सातआठ अर्थ देतो, त्यातले निम्मे आता कुणी वापरत नाही. आपल्या वाक्यात बसणारा एकच घ्या आणि कोश मिटा. कोशात रमणं हा फार सुखाचा प्रकार आहे, पण तासाभरानं गोष्ट तिथंच राहिलेली असते.

ओळखीच्या चेहऱ्याचे शब्द

हिंदीतून येणाऱ्यांनी रेघ न मारलेल्या शब्दांकडेही एकदा बघावं. खरा दगा तेच देतात. "सरांनी त्याला शिक्षा केली" हे वाचून मी समजले की सरांनी त्याला शिकवलं, आणि पुढचं पानभर तो मुलगा का रडतोय हे मला कळेना! राग म्हणजे संताप. संगीतातला राग मराठीतही आहे, पण "त्याला राग आला" म्हणजे त्याला भूप येत होता असं नव्हे. प्रकृती म्हणजे तब्येत, संशोधन म्हणजे नवा शोध घेणं. आणि चेष्टा तर झालीच. वाक्य ओळखीचं वाटूनही गोष्ट अडखळत असेल तर संशय अशा शब्दावर घ्या. लिंगही तपासा: हिंदीत आवाज 'आती है', मराठीत आवाज 'येतो'.

वहीत काय लिहायचं

एका गोष्टीतून पाच शब्द. फार झाले तर सात. रेघा वीस शब्दांखाली असतील, असू देत. बाकीचे पुढच्या गोष्टींत भेटतील. ज्या शब्दावाचून गोष्ट अडली असती तो पहिला घ्या. परत परत आलेला दुसरा. मग एखादा नुसता आवडला म्हणून.

शब्द एकटा लिहू नका. गोष्टीतलं अख्खं वाक्य उतरवा, खाली स्वतःचं एक वाक्य घाला. नाम असेल तर तो, ती, ते लिहा: तो हुरूप, ती हुरहुर. शब्द कुणाच्या संगतीत येतो तेही टिपा. खोडी काढतात, चहाडी करतात, नाक मुरडतात, आणि हुरूप येतो. 'खोडी केली' म्हटलं तरी समजेल, पण ऐकणारा क्षणभर थबकेल.

वहीत माझ्या एका पानावर अजून आहे: "हिरमुसणे. पावसामुळे सहल रद्द झाली आणि सगळा वर्ग हिरमुसला." खाली माझं वाक्य: "आईचा फोन लागला नाही म्हणून मी हिरमुसले." ते वाक्य खरं होतं, म्हणून शब्द राहिला.

उजळणीसाठी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं पान उघडा. अर्थ झाकून वाक्य वाचायचं. चिठ्ठ्यांची आवड असेल तर सेबास्टियन लाइटनरने १९७२ साली मांडलेली डब्यांची पद्धत आहे: आठवलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, विसरलेली परत पहिल्यात. मला चिठ्ठ्या सांभाळणं जमलं नाही.

तोंडात शब्द आणणं

गोष्ट कुणाला तरी सांगा. घरी आजी असेल तर उत्तम. ती मध्येच थांबवून "अगं, पाऊस पडला काय, धोधो पडला म्हण" असं सुचवत राहील. कुणी नसेल तर फोनवर दोन मिनिटांत रेकॉर्ड करा आणि वहीतले पाच शब्द त्यात आलेच पाहिजेत असा नियम घाला.

पोरांच्या गोष्टींतले सगळे शब्द सगळीकडे चालत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवा. लय भारी, खुन्नस, वाट लागली हे मित्रांत ठीक. बॉससमोर "सर, प्रेझेंटेशनची वाट लागली" म्हणाल तर प्रेझेंटेशनबरोबर आणखीही कशाची तरी लागेल. वहीत अशा शब्दांपुढे मी छोटी फुली मारते: कळायचा आहे, वापरायचा जपून. 'तू' आणि 'तुम्ही'ही गोष्टींतूनच उचला. मुलं आईला "अगं" म्हणतात, बाबांना कुठे "अरे बाबा" तर कुठे "अहो बाबा". घराघराची रीत वेगळी असते आणि ती कोशात नसते.

आठवड्याला एक गोष्ट पुरे. गोष्ट कंटाळवाणी निघाली तर खुशाल सोडा. रटाळ गोष्टीतले शब्दही रटाळच लक्षात राहतात. काही किशोरकथा शेवटच्या परिच्छेदात उपदेश करायला लागतात, तिथं मी सरळ पान उलटते.

वीसेक गोष्टी झाल्या की त्याच बोटांच्या मोजणीनं मोठ्यांच्या दिवाळी अंकातली एखादी कथा तपासा. बोटं उरली तर तिकडे वळा. माझी पहिल्यांदा उरली तेव्हा त्या टेबलावरच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "छान. मग आता माझे अंक परत कर."